शेवटच्या गाण्याची राखाडी पट्टी

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका, जागा आहे. पाय दुखत असतील तर खुशाल पसरा, कान तेवढे आवरून बसा. आज एका रेकॉर्डची गोष्ट सांगायची आहे, आणि ती रेकॉर्ड रॉकची आहे. नाक मुरडू नका. त्या आरडाओरड्यात कसला आलाय भाव, असं म्हणणारे मला पुष्कळ भेटलेत. मी त्यांना एवढंच विचारते, देवाला हाक मारायची ती कुठल्या पट्टीत, हे कुणी ठरवून दिलंय का? कोणी पुटपुटतो, कोणी टाहो फोडतो. ऐकणारा दोघांचंही ऐकतो.

तर एक बाई होती. तिला सगळे सुई म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. चार वर्षांची असल्यापासून घरातल्या प्लेअरची सुई रेकॉर्डवर तीच टेकवायची, आणि टेकवताना कधी कर्र झालं नाही, म्हणून नाव पडलं सुई. पुढे पोटापाण्याचा धंदाही तोच झाला. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान. बाकावर उघडे पडलेले प्लेअर, खिळ्याला टांगलेले रबरी पट्टे, बरणीतल्या सुया, वाकड्या मानेचा एक दिवा आणि त्याच्याखाली मोठं भिंग. दुकानामागे स्वयंपाकघर, आणि त्याच्यामागे शेवटची खोली. त्या खोलीत तिचे वडील, नाना, पलंगावर पडून असायचे.

नाना रेकॉर्डच्या कारखान्यात दाबयंत्रावर होते. काम काय, तर वर एक साचा, खाली एक साचा, मध्ये प्लास्टिकचा गरम गोळा. गोळ्याच्या वर एक गोल कागदी लेबल, खाली एक. दाब बसला की तयार रेकॉर्ड बाहेर. लोकांना वाटतं लेबल डिंकाने चिकटवतात. तसं नाही. ते त्या उष्णतेत रेकॉर्डच्या अंगात मुरतं, मागाहून नखाने काढू म्हणाल तर निघत नाही. म्हणून पहिली रेकॉर्ड बाहेर आली की गाणी संपतात त्यापुढच्या रिकाम्या कडेवर कोरलेला आकडा बघायचा, लेबलावरचा आकडा बघायचा, दोन्ही जुळले की मगच पुढे जायचं, कारण पुढचे सगळे नग त्याच मांडणीत निघतात. नाना हे बावीस वर्षं करत होते आणि एकदाही चुकले नव्हते.

घरात रेकॉर्डी यायच्या त्या सगळ्या नापास झालेल्या. कुणाचं भोक मधोमध नाही, कुणाच्या काठाला पोपडा. पण त्यांच्यावर कोण कोण येऊन गेलं म्हणून सांगू! जुन्या मोठ्या बँडचे अल्बम आले, नव्या हौशी पोरांचेही आले. सुईचा थोरला भाऊ, दादा, भोक सरकलेल्या एका रेकॉर्डवरून गिटार शिकला. त्या रेकॉर्डचा सूर सारखा वर जायचा, खाली यायचा. ह्यानेही प्रत्येक सूर तसाच वाकवून वाजवला. पुढे एका मित्राकडे त्याने धडधाकट प्रत ऐकली आणि तणतणत घरी आला.

"नाना, हे लोक सरळ वाजवतात!"

"बरं मग?"

"मग काय? मी दोन वर्षं वाकडं शिकलो!"

"राहू दे," नाना डबा धुता धुता म्हणाले. "सरळ वाजवणारे पैशाला पासरी मिळतात."

नानांचा एकच नियम होता. भरल्या ताटावरून अर्धवट उठायचं नाही, आणि अल्बममधून अर्धवट उठायचं नाही. ते मितभाषी गृहस्थ, पण ह्या विषयावर बोलायचे. म्हणायचे, "अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांची मोळी नव्हे. पहिलं गाणं प्रश्न टाकतं. पहिली बाजू संपेपर्यंत गाठ आवळत जाते. मग तुम्ही उठता, रेकॉर्ड पलटता. ते उठणंसुद्धा अल्बममध्येच धरायचं. आणि दुसरी बाजू ती गाठ सोडवते, नाहीतर सुटत नाही म्हणून सांगते. शेवटचं गाणं संपलं की लगेच बोलायचं नाही. सुई रिकाम्या कडेवर फिरत असते, तेवढा वेळ त्या माणसांचा मान."

आणि चौघंही तसे बसायचे. आई हातातलं काम घेऊन दाराशी. तिला गिटारी फारशा आवडत नसत, पण ती उठायची नाही. तिचाही एक नियम होता. घरातून बाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. कोणी चुकलं तर त्याला उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

एका वर्षी ती आजारी पडली. दवाखान्यात नेताना गाडीत बसली आणि सुईला म्हणाली, "येते गं." ती आली नाही.

आईला पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी डबा भरला आणि भोंगा व्हायच्या आत ते कारखान्यात गेले. घरात दोन मुलं भिंतीकडे बघत बसलेली. ही गोष्ट दादाच्या काळजात काट्यासारखी रुतली.

त्याच वर्षी दादाने आणि त्याच्या तीन मित्रांनी आपला एकुलता एक अल्बम केला. नाव ठेवलं 'दुसऱ्या दिवशी'. पहिली बाजू नुसती आग. तिच्या शेवटी गाणं होतं 'सकाळपाळी'. ड्रम यंत्रासारखे पडत जातात आणि वर दादा ओरडतो, "डबा घेतला, दार ओढलं, मागे कोण उरलं, नाही पाहिलं!" आणि गाणं दार आपटावं तसं एकदम थांबतं. ते कोणावर होतं हे सांगायला नकोच. दुसरी बाजू हळूहळू निवत जाते. सगळ्यांत शेवटी 'येते म्हणालीस'. एकटी गिटार, तिच्यात कसलीही खरखर नाही. दादाचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, "येते म्हणालीस, म्हणून दार लावलं नाही." शेवटी तो गिटार अँपच्या स्पीकरसमोर धरतो आणि एकच सूर तारांतून आपोआप उठतो, टिकतो, बारीक होत होत विरतो. मिनिटभर तरी. त्यानंतर काही नाही.

ते पाचशे नग छापायला नानांच्याच कारखान्यात आले, नानांच्याच यंत्रावर.

आणि लेबलं उलट लागली.

पहिल्या बाजूवर दुसरीचं, दुसरीवर पहिलीचं, पाचशेच्या पाचशे रेकॉर्डींवर. ज्याने लेबल वाचून रेकॉर्ड लावली त्याला आईचं गाणं मध्येच ऐकू आलं, आणि अखेरचा शब्द राहिला त्या आपटलेल्या दाराचा.

सुई तेव्हा विशीत होती. त्या दुपारचं भांडण तिला शब्द न् शब्द आठवायचं.

"पाचशे!" दादा म्हणाला. "एक, फक्त एक तरी बरोबर?"

"चुकलं," नाना म्हणाले.

"चुकलं? एवढंच?"

"चुकलं."

"दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डीवर कधी चुकलं होतं का? छपाईआधी ऐकून बघायची नमुन्याची प्रत तुमच्याकडेच आली होती ना? ऐकली तरी होतीत का ती?"

नानांनी हात पुढे धरले. बोटांवर यंत्राचे जुने चटके होते, ते बघत राहिले.

"नाहीच ऐकली. तुम्हाला ते प्लास्टिक. आई गेली तेव्हाही तुम्हाला फक्त भोंगा ऐकू आला."

दादाने गिटार खांद्याला लावली. उंबऱ्यावर थांबला आणि मुद्दाम, दोघांकडे बघून म्हणाला, "जातो."

परत बोलावून पुन्हा म्हणायला लावणारी घरात राहिली नव्हती.

बावीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला, पुढे रेकॉर्डींचे दिवस पुन्हा आले आणि सुईच्या बाकावर जुन्या प्लेअरांची रांग लागली. दादा दूरच्या गावी सभागृहांमध्ये ध्वनियंत्रणा सांभाळायचा. दुसऱ्यांचे आवाज नीट करायचा, स्वतः कधी गायला नाही. सुईला महिन्यातून एक फोन. "तब्येत?" एवढं विचारायचा. कुणाची, ते म्हणायचा नाही.

मग नानांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. डावा हात आणि एक 'हं' तेवढा शिल्लक राहिला. डॉक्टर सुईला बाजूला घेऊन म्हणाले, दुसरा झटका सांगून येणार नाही. त्या दिवसापासून तिचं देवाकडे एकच मागणं झालं. ह्या दोघांनी एकदा एका खोलीत बसून तो अल्बम ऐकावा. मिठ्या नकोत, माफ्या नकोत, पलटायला मी उठेन, ह्यांनी फक्त बसावं. बघा, काय मागणं होतं! पण बावीस वर्षांच्या अबोल्यापुढे डोंगर हलवणं सोपं.

नानांचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून तीनदा एक नर्सबाई येत. पन्नाशीच्या, हेल्मेट काखेत मारून आत शिरणाऱ्या, आणि रॉकच्या अशा वेड्या की विचारू नका. त्यांच्या पिशवीत औषधं कमी आणि रेकॉर्डी जास्त. नवनवे बँड आणायच्या आणि नानांचा डावा हात हातात घेऊन म्हणायच्या, "नाना, जुनं ते सोनं हे मला ऐकवू नका. ह्या बघा, तिघीच पोरी आहेत, पण आवाजाची भिंत उभी करतात. आणि दुसऱ्या बाजूला तीच भिंत एकेक वीट काढून उतरवतात. ऐका तर! चला, बोटं. एक, दोन."

"बाई, हा व्यायाम आहे की ड्रमचा क्लास?" सुई विचारायची.

"तुम्ही तुमच्या सुया बघा. पेशंट हसतोय, दिसत नाही?"

आणि खरंच नानांचा अर्धा ओठ हललेला असायचा.

एक दिवस त्यांनी पिशवीतून काढला तो 'दुसऱ्या दिवशी'. जुन्या बाजारात मिळालेला, कव्हरचा कोपरा कुरतडलेला. हे त्याच गाणाऱ्याचं घर, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "असा अल्बम पुन्हा झाला नाही. आई मध्येच जाते. आपण उठून रेकॉर्ड पलटतो, आणि घर भांडायला लागतं. अगदी असंच होतं हो. मी घरोघर जाते, बघते. माणूस गेलं की घरं शांत होत नाहीत, ओरडतात."

सुई हळूच म्हणाली, "बाई, ती चूक आहे. लेबलं उलटी लागलीत."

नर्सबाईंनी रेकॉर्ड उलटीपालटी केली. "असेल. पण खरी आहे." मग त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. नर्सबाई समजायचं ते समजल्या, रेकॉर्ड पिशवीत गेली.

त्याच सुमारास एका लहानशा कंपनीने हा अल्बम पुन्हा छापायचं ठरवलं. दादाने होकार दिला, अट एकच, बाजू सुधारायच्या. नमुन्याची प्रत कंपनीने सुईच्या दुकानावर पाठवली, कारण दादा म्हणाला होता, कान माझे, पण प्लेअर तिचाच हवा. नमुना म्हणजे कोरा. दोन्ही बाजूंना नुसता पांढरा कागद, आणि छापायची लेबलं पसंतीसाठी वेगळी, सुटी.

"गुरुवारी दुपारी येतो," दादा फोनवर म्हणाला. "दुकानात बसू. आत येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"पाणी प्यायला तरी?"

"बाटली आणीन."

बुधवारी सुईला वाटलं, नव्या नमुन्याशी ताडून बघायला जुना नमुना मिळाला तर बरं. तो कारखान्याबरोबरच गेला असणार, पण एकदा शोधावं. नाना झोपलेले. तिने त्यांचं कपाट उघडलं. कामाच्या जुन्या निळ्या सदऱ्यांखाली आईची शाल होती, आणि शालीच्या घडीत रेकॉर्ड. पांढऱ्या लेबलाची. शेजारी एक लहान सुटकेसवजा प्लेअर. त्याचा सुई धरणारा हात इतका जड, रेकॉर्ड खरवडणारा, की ती त्याला रेकॉर्डींचा खाटीक म्हणायची. नानांनी तो रद्दीवाल्याला दिला म्हणून सांगितलं होतं, त्यालाही बारा-पंधरा वर्षं झाली.

तिने रेकॉर्ड बाकावर आणली, दिव्याखाली धरली. आता हे नीट ऐका. रेकॉर्ड वाचता येते. जो रोज त्याच कामात आहे त्याला भिंगाखाली दिसतं, कुठे ड्रम जोरात आहेत, कुठे गाणं हळू आहे, आणि कुठला भाग किती वाजलाय. न वाजलेला भाग काळा, तुकतुकीत. वाजून वाजून झिजलेला राखाडी, विझलेल्या निखाऱ्यासारखा.

पहिली बाजू तुकतुकीत होती. दुसऱ्या बाजूची पहिली चार गाणीही तशीच. आणि शेवटची पट्टी, 'येते म्हणालीस', पार राखाडी.

दहा-वीस वेळा ऐकून असं होत नाही. शेकड्यांनी ऐकावं लागतं. अल्बममधून अर्धवट उठायचं नाही म्हणणारा माणूस, त्याने नियम मोडून एकाच गाण्यावर सुई टेकवली होती, वर्षानुवर्षं. आणि केव्हा? सुईला आठवलं, दर शुक्रवारी दुपारी ती दुरुस्त झालेले प्लेअर गिऱ्हाइकांना पोचवायला जायची. दोन तास घरात कोणी नसायचं.

ती बाकावर डोकं टेकून बसली. बावीस वर्षं ह्या माणसाला भाकरी वाढली, आणि तो ह्या घरात काय करत होता हे तिला एका राखाडी पट्टीने सांगितलं.

गुरुवारी दादा आला. केस विरळ झालेले, हातात खरोखरच पाण्याची बाटली. दुकानातल्या स्टुलावर बसला, आतल्या दाराकडे पाठ करून.

"लाव," तो म्हणाला.

"लावते. आधी हे बघ."

"काय?"

"जुना नमुना. इथे ये, दिव्याखाली."

"सुई, मला नवी ऐकायचीय."

"दादा, मी तुला कधी काही सांगितलं नाही. आज सांगते. बघ."

तो उठला. भिंगावर वाकला. त्याने रेकॉर्ड सावकाश तिरकी केली, उजेड त्या पट्टीवर सरकला. तोही ह्याच घरात वाढलेला, त्याला शिकवावं लागलं नाही.

"कोणी वाजवली इतकी?" त्याने विचारलं.

"घरात कोण होतं?"

"तू."

"मी असल्या जड हाताच्या प्लेअरवर रेकॉर्ड लावीन?"

त्याने रेकॉर्ड पलटून पहिली बाजू बघितली, पुन्हा पलटली. मग म्हणाला, "कधी बोलले नाहीत."

"आता तर येतच नाही बोलता."

दादाने नवा नमुना उचलला, सुटी लेबलं उचलली, आणि बाटली तिथेच विसरून आत गेला.

नाना उशीला टेकून बसलेले होते. दारात त्यांना मुलगा दिसला. 'हं' आला, तोही अर्धा. दादा पलंगाच्या काठावर बसला. त्याने काय बोलायचं ठरवलं असेल ते देवाला ठाऊक, तोंडातून निघालं ते एवढंच, "नाना, नवी छापतायत. लेबलं बघायला आलीत."

त्याने कोरी रेकॉर्ड नानांच्या मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन लेबलं.

नानांनी लेबलांना हात लावला नाही. आधी डाव्या हाताने सदऱ्याची बाही वर धरली आणि डोळे पुसले. एक डोळा, मग दुसरा. पुन्हा पुसले. बाही खाली घेतली, हात लांब धरून बोटांकडे बघितलं, नीट दिसतंय ना म्हणून. दिसत नव्हतं बहुतेक. तिसऱ्यांदा पुसले. मग अंगठा रेकॉर्डच्या आतल्या कडेवर नेला, कोरलेल्या आकड्यावर, आंधळा वाचतो तसा फिरवला. खाली वाकून आकडा बघितला. मग एक लेबल उचललं, तोंडाजवळ आणून वाचलं, आणि ठेवलं. सुईने ते लेबल तळहाताने दाबून रेकॉर्ड पलटून धरली. पुन्हा अंगठा, पुन्हा बाही, पुन्हा आकडा. दुसरं लेबल ठेवलं. बोटाने दाबलं, जणू अजून गरम आहे.

पहिल्यावर पहिलं. दुसऱ्यावर दुसरं.

सुईला त्या क्षणी सगळं उमगलं, आणि दादाचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, त्यालाही. छपाईच्या दिवशी सकाळी नानांनी नमुना ऐकला होता, शेवटपर्यंत ऐकला होता, आणि तसेच यंत्रापाशी जाऊन उभे राहिले होते. तिथे डोळे पुसायला कोण देतं? मागे नगांची रांग, हातात दोन लेबलं आणि समोरचा आकडा पाण्यात बुडालेला. बावीस वर्षांत एकदाच चुकले ते असे. आणि हे सांगायचं तर रडलो म्हणून सांगावं लागलं असतं. ते त्यांच्या जिभेला जमलं नाही, जीभ धड होती तेव्हाही.

"दुसऱ्या दिवशी कामावर का गेलात," दादा म्हणाला, पण त्यात आता प्रश्न नव्हता. त्या यंत्राच्या धडधडीत शेजारच्याचा हुंदका शेजारच्याला ऐकू जात नसे. घरात दोन मुलं होती, घरात ऐकू गेला असता.

नानांनी त्याच्याकडे बघितलं. "हं."

सुईने नवी रेकॉर्ड घ्यायला हात पुढे केला. दादा म्हणाला, "ही नको. त्यांची लाव. त्यांनी ऐकली तीच. पण पहिल्यापासून."

तिने दुकानातला चांगला प्लेअर आत आणला. पहिली बाजू लावली. न वाजलेली, स्वच्छ, कालच छापल्यासारखी. 'सकाळपाळी' आलं तेव्हा दादाने मान खाली घातली, पण नाना सरळ बघत होते, आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर ड्रमबरोबर पडत होती. एक, दोन. नर्सबाईंची मेहरबानी. दार आपटलं. सुई उठली, रेकॉर्ड पलटली.

चार गाणी गेली. पाचव्याला प्लेअरची सुई राखाडी पट्टीत शिरली आणि खोलीभर खरखर पसरली. तव्यावर सरी पडाव्यात तशी. गिटार कुठेतरी खोल, आवाज तर जवळजवळ नाहीच. इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकायला काही उरलं नव्हतं. नानांना मात्र तेच पुरत होतं. त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा दादा गायला लागला. बसल्या जागी, हळू, त्या खरखरीच्या आतून. आवाज बसलेला, वय झालेला, पहिल्या ओळीला फुटलासुद्धा. "येते म्हणालीस, म्हणून दार लावलं नाही." रेकॉर्डमधला तरुण मुलगा बुडाला होता, त्याच्या जागी हा उभा राहिला आणि जिथे जिथे शब्द झिजले होते तिथे तिथे त्याने नवे भरले. सुईने पुष्कळ अल्बम ऐकले होते, पण ती पुढे नेहमी म्हणायची, ह्यासारखं ऐकलं नाही. देव कुठल्या पट्टीत ऐकतो मला माहीत नाही. त्या दुपारी तो त्या खोलीत बसला होता एवढं मी सांगते.

शेवटचा सूर खरखरीत मिसळला. प्लेअरची सुई रिकाम्या कडेवर फिरत राहिली. कोणी बोललं नाही, कोणी उठलं नाही.

संध्याकाळी दादा निघाला. उंबऱ्यावर थांबला. आत बघून म्हणाला, "जातो."

आतून आवाज आला. "हं!" मोठा, करडा. नानांनी डावा हात वर केला होता आणि बोटाने परत बोलवत होते.

दादा दोन पावलं मागे आला. ओठ चावला. मग म्हणाला, "येतो, नाना."

हात खाली आला.

आणि तो येत राहिला, दर रविवारी, तीन महिने. तेवढीच मुदत होती. दुसरा झटका आला तेव्हा नवी रेकॉर्ड छापून आलेली होती, नानांनी ती हातात घेतली होती, कडेवरच्या आकड्यावर अंगठा फिरवला होता. नर्सबाईंनी आपली जुनी उलटी प्रत काही टाकली नाही. म्हणाल्या, "तुमची बरोबर आहे, माझी खरी आहे," आणि हेल्मेटची काच खाली ओढून घेतली. आत काय चाललं होतं ते दिसू नये म्हणून.

नव्या कव्हरवर मागच्या बाजूला वाजवणाऱ्यांची यादी आहे. गिटार, बास, ड्रम, आवाज. त्याखाली दादाने एक ओळ घालायला लावली. अशी ओळ सहसा कुठल्या कव्हरवर नसते: 'लेबलं: नाना.'

तर इतकंच मागते. पुढच्या वेळी रेकॉर्ड लावाल, जुनी असो की काल आलेली, आणि शेवटचं गाणं संपून सुई रिकाम्या कडेवर फिरत असेल, तेव्हा लगेच उठू नका. मध्ये जो कागदाचा गोल फिरतोय तो कुणीतरी हाताने ठेवलेला आहे. त्या हाताची आठवण काढा. डोळे आधी पुसून मग कामाला लागलेल्या त्या माणसाची, नानांची, एवढी आठवण ठेवा.